जपानातलं घर आणि एकसष्ट वर्षांचा तरुण

तीर्थरूप भगवानदाजी यांना,

महेंद्रचा सविनय जय भीम. तुमचा गुडघा आणि अक्काची शुगर, दोन्ही ताब्यात असतील असं धरून चालतो. बदलापूरला पाणी वेळेवर येतं का, सोसायटीची लिफ्ट सुरू झाली का, तेही कळवा. फोन सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. त्याचं काय आहे, या घराच्या आतल्या भिंती कागदाच्या आहेत (खरोखर कागदाच्या, पतंगाला लावतो तसल्या). मी इकडे खोकलो की शलाका पलीकडून 'काढा देऊ का' विचारते. आणि मला जे सांगायचंय ते तिने ऐकू नये.

दाजी, हे घर घेऊन मी चुकलो.

तुम्ही तेव्हाच म्हणाला होतात, "महेंद्र, आधी डोळ्यांनी बघून तर ये." मी म्हटलं, फोटोत दिसतंय की सगळं. कौलारू घर, पुढे भातखाचरं, मागे डोंगर, अगदी आपल्या बारवी धरणाकडच्या पाड्यासारखं. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये खालच्या कारखान्यातल्या शिलाई मशीनच्या आवाजात अर्धा जन्म गेला. म्हटलं, मैत्रेयी ओसाकाला नोकरीला आहेच, तर आता बुद्धाच्या देशात शांत राहू. इथल्या खेड्यांतून म्हातारी माणसं गेली की घरं ओस पडतात आणि जवळजवळ फुकट मिळतात. आमचे शेजारी लालवानीशेठ म्हणाले, "साईं, इतने में तो इधर बाल्कनी नहीं मिलती, सोच क्या रहे हो?" झालं. तुमचं नाही ऐकलं, त्यांचं ऐकलं.

तो फोटो एप्रिलमधला होता, हे मला डिसेंबरात इथे पोचल्यावर कळलं. दाजी, बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याकडे लाकडाच्या भुशात ठेवतात तो, एवढीच माझी समजूत होती. इथे तो कमरेपर्यंत येतो आणि छपरावर बसून राहतो. वर हेही इथे आल्यावरच समजलं, की घर आपल्या नावावर असलं तरी व्हिसा एका वेळी तीनच महिन्यांचा. म्हणजे मालक मीच आणि पाहुणाही मीच. (मैत्रेयी म्हणते तिने हे दोनदा सांगितलं होतं. सांगितलं असेल.)

मोरिवलीच्या कारखान्यात जन्मभर फिटर होतो, तेव्हा डागडुजी आपली आपण करू, हा माझा दुसरा माज. न्हाणीघर मोठं करायला म्हणून एक लाकडी खांब काढला. मला तो जास्तीचा वाटला. तो नव्हता. छप्पर चार बोटं खाली आलं आणि घरातलं एकूण एक सरकतं दार जिथल्या तिथे अडकलं. खाली लोखंडी टेकू दिलाय, पण संडासाचं दार अर्धंच उघडतं. मी आडवा होऊन शिरतो. शलाका आत असली की बाहेर मी गाणं म्हणत उभा राहतो, म्हणजे कोणी येऊ नये.

तसं येणार तरी कोण म्हणा. वस्ती नऊ घरांची, आणि सगळ्यांत लहान माणूस सत्त्याहत्तर वर्षांचा. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात या लोकांनी मला वस्तीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष केलं. हसू नका. ते पद बरीच वर्षं रिकामं होतं. भाताच्या पाण्याचा पाट साफ करणं, पडलेली झाडं उचलणं, सगळं तरुण मंडळाकडे. आणि तरुण मंडळ म्हणजे मी.

आता यांना कसं सांगायचं, की मार्चमध्ये आम्ही चाललो? मला त्यांची भाषा येत नाही, म्हणून वस्तीच्या बैठकीत मोबाइल पुढे धरला. मी बोलायचं, तो जपानीत सांगणार. सगळ्यांचे आभार मानले आणि शेवटी नम्रपणे म्हटलं, "बरं, येतो आम्ही." (आपल्यात 'जातो' म्हणतं का कोणी?) मोबाइलने ते जसंच्या तसं सांगितलं. बैठकीत टाळ्या. शेजारच्या नाकानिशी आजी डोळे पुसायला लागल्या. इथले सरपंचासारखे ब्याऐंशी वर्षांचे एक काका आहेत, त्यांनी उठून मला मंडळाचा निळा कोट घातला. मी आपला हसून मान लववत होतो. मला वाटलं, काय सुंदर निरोप देतात ही माणसं.

रविवारी मैत्रेयी आली तेव्हा उलगडा झाला. "बाबा, तुम्ही कायमचे राहायला येताय असं वाटलंय त्यांना." मग तिनेच घरोघरी जाऊन खरं सांगितलं. मी मागे चपला बघत उभा. कोणी रागावलं नाही, दाजी. रागावले असते तर बरं झालं असतं. काका एवढंच म्हणाले, "हरकत नाही. हिवाळाभर तरी अध्यक्ष होता."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर खरवडल्याचा आवाज आला म्हणून बाहेर धावलो. काका आणि आणखी दोघे म्हातारे दोर बांधून आमच्या छपरावर, फावड्याने बर्फ लोटतायत! मी ओरडलो, हातापाया पडलो, मैत्रेयीला म्हटलं यांना खाली बोलाव. काका वरूनच काहीतरी म्हणाले. मैत्रेयी म्हणाली, "ते म्हणतायत, तुम्ही गेल्यावर हे आम्हालाच करायचंय. आत्तापासून सवय करतोय."

मी शिडी धरून उभा राहिलो. अंगावर तोच निळा कोट होता. उल्हासनगरला गप्प पडून राहिलो असतो तर बरं झालं असतं, असं त्या दिवशी फार वाटलं. आपण मौजेखातर आलो, आणि ज्यांनी आशा सोडून दिली होती त्यांना उगाच आशा लावली.

तेव्हा घर विकायचं ठरवलंय. अक्काला नमस्कार.

तुमचा,
महेंद्र

ता. क. विकायचं वर लिहिलं ते कालचं. आज नाकानिशी आजी येऊन बसल्या. त्यांच्या चुलीपुढच्या खिडकीतून फक्त आमचंच घर दिसतं. गेली कित्येक वर्षं संध्याकाळी तिकडे काळोख असायचा, आता दिवा दिसतो, म्हणून त्या स्वयंपाक सावकाश करतात म्हणे. तर माझं असं म्हणणं आहे, की एप्रिल ते जून तुम्ही आणि अक्का इथे राहा. सप्टेंबरात आम्ही परत येऊ. मधे मैत्रेयी सुट्टीला येऊन दिवा लावेल. तुमचं वय अडुसष्ट, म्हणजे इथल्या मानाने ऐन उमेद.

ता. क. (दुसरा) संडासाच्या दाराचं अक्काला वाचून दाखवू नका.

ता. क. (तिसरा) शलाकाने आत्ताच सांगितलं, की तिने हे सगळं अक्काशी गेल्याच आठवड्यात फोनवर ठरवलंय. आजींनी तुमच्या नावाने मुळ्याचं लोणचंही घातलंय. तुम्हाला कोणी विचारलं नसेल, तर मी विचारतोय असं समजा.