चौथं रीळ आधी की सहावं

ती. मामा,

नमस्कार. (समोर मी तुला 'तू' म्हणते, पण पत्रात 'आपण' लिहावं असं आईचं म्हणणं. तसं लिहून पाहिलं, तर वीज कंपनीकडे तक्रार चालली आहे असं वाटायला लागलं. म्हणून 'तू'च ठेवते. आदर आहे असं धरून चाल.)

तुझी पाठ कशी आहे? मामीचा चष्मा सापडला का? इकडे सगळे मजेत आहेत असं लिहायची पद्धत आहे, पण तपासल्याशिवाय मी काही लिहीत नाही, तेव्हा तपासून कळवते. आईचा गुडघा जिना उतरताना दुखतो आणि चढताना दुखत नाही. याचं कारण डॉक्टरांना सांगता आलेलं नाही, पण त्यांनी ते खूप आत्मविश्वासाने सांगितलं. आजोबांचा रक्तदाब माझ्यापेक्षा चांगला आहे. माझी तब्येत ठीक आहे, फक्त डोकं चालेनासं झालं आहे, आणि त्याला तू कारणीभूत आहेस. हे फोनवरच बोलले असते, पण मागच्या दोन्ही वेळा मी 'तुझा चित्रपट' एवढं म्हटलं आणि तुझ्याकडची रेंज गेली. पत्राची रेंज जात नाही.

तर तुझा चित्रपट सापडला आहे. आम्ही जुन्या फिल्म दुरुस्त करून जपून ठेवतो (आई लोकांना सांगते की मी 'सिनेमात आहे', आणि मग शेजारच्या काकू माझ्याकडे निरखून बघतात). एका बंद पडलेल्या थिएटरच्या माळ्यावरून आमच्याकडे डबे आले. ते उघडले तर आत तुझा गुप्तहेरपट निघाला, एकुलता एक. आमच्या साहेबांनी तो पाहिला आणि म्हणाले, हा दुर्लक्षित राहिलेला उत्तम चित्रपट आहे, रविवारी आपल्या छोट्या सभागृहात लोकांना दाखवू. 'उत्तम' का, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'मला काही कळला नाही, पण झोपही आली नाही.' दुरुस्तीचं काम माझ्याकडे आलं. मी तुझी भाची आहे हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, पण आईने जेवणाचा डबा द्यायला येऊन ते सगळ्या मजल्याला सांगितलं.

आता अडचण. रिळं एकूण नऊ आहेत. डब्यांवरची कागदं ओलीने गेली आहेत. कथा तूच लिहिलीस, तरी क्रमाने सांगते, कारण क्रमाशिवाय मला काही समजत नाही आणि या चित्रपटात क्रम हाच वांधा आहे. बाप घड्याळं दुरुस्त करतो, मुलगा हेरांना पकडणाऱ्या खात्यात नोकरीला. खात्यातून गुपितं बाहेर जात आहेत. एका रिळात बाप एका टोपीवाल्याला घड्याळ देतो आणि त्या घड्याळात काहीतरी आहे. एका रिळात मुलगा कचेरीच्या तिजोरीतून नकाशा काढून खिशात घालतो. या दोन्हींच्या मधलं रीळ पाचवं, त्यात मुलगा दुकानासमोरच्या फुटपाथवर उभा राहून घामाघूम होतो. सातव्यात बाप कबुलीजबाब देतो. इथपर्यंत कुणाचं दुमत नाही.

घड्याळ आधी आलं, तर बाप हेर आहे, मुलाला ते कळलं म्हणून तो घामाघूम झाला आहे, आणि नकाशा त्याने बापाला पकडायला सापळा म्हणून घेतला आहे. तिजोरी आधी आली, तर मुलगाच चोर आहे, पकडले जाऊ या भीतीने घामाघूम झाला आहे, आणि बाप त्याच्या वाटचं पाप निस्तरतो आहे. मग तो सातव्यातला कबुलीजबाब धादांत खोटा ठरतो, आणि (मला अशा गोष्टींनी सहसा काही होत नाही) तो बघताना मी मशीन थांबवून पाणी प्यायले. एकही चौकट बदललेली नाही, मामा. फक्त दोन डबे.

मी पुरावे गोळा केले. पाचव्यापर्यंत बापाला मिशी आहे, सातव्यापासून नाही. घड्याळाच्या रिळातही नाही. म्हणजे ते रीळ चौथं धरलं तर बाप मिशी काढतो, लगेच वाढवतो आणि पुन्हा काढतो. सहावं धरलं तर सगळं सुरळीत. पण तिजोरीच्या रिळाच्या शेवटी टोपीवाल्याचं प्रेत सापडतं. ते रीळ आधी लावलं, तर मेलेला टोपीवाला पुढे दुकानात येऊन घड्याळ घेतो, आणि वर पावतीही मागतो. थोडक्यात मिशी एका बाजूला आणि प्रेत दुसऱ्या बाजूला. साहेबांना दोन्ही क्रम दाखवले. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, पाचवंच काढून टाकलं तर?

मग मी रिळांच्या सुरुवातीची कोरी फीत भिंगाखाली धरली. तिथे रिळाचा आकडा खरवडलेला असतो. घड्याळाच्या रिळावर चार होता. तो खोडून सहा. तो खोडून पुन्हा चार, मग सहा, मग चार, आणि पुढे जागा संपली म्हणून आकडे बारीक होत गेलेले. तिजोरीच्या रिळावर हेच उलट. अक्षरं दोन माणसांची. घड्याळाच्या रिळावर चार काढणाऱ्याचा हात घाईचा आणि तिरका, सहा काढणाऱ्याचा ठाम, गोल. तो गोल सहा मी रोज पाहते, कारण आजोबा घरात गोळ्यांच्या डबीवर घ्यायची वेळ लिहितात तेव्हा असाच लिहितात, फक्त आता रेघ थोडी हलते.

आता हे तुला नवीन नाही, पण मला होतं. मला लहानपणापासून एवढंच सांगितलेलं की, मामाचा चित्रपट पडला आणि तेव्हापासून मामा आणि आजोबा बोलत नाहीत. मला वाटायचं, पडला म्हणून बोलत नाहीत. आजोबा त्या थिएटरात ऑपरेटर होते आणि तुझ्या चित्रपटाला ते एकच थिएटर मिळालं, तेही आजोबांनी मालकाकडे शब्द टाकला म्हणून, हे आईने मला गेल्या आठवड्यात सांगितलं, तेही भाजी निवडताना, जणू हवामानाबद्दल बोलते आहे.

मी आजोबांना नाश्त्याच्या वेळी विचारलं. म्हटलं, आजोबा, तिजोरीचं रीळ आधी का लावलंत? त्यांनी पाव चहात बुडवला, खाल्ला, आणि म्हणाले, 'बाप चोर दिसत होता.'

'कथेत तो चोरच आहे, आजोबा.'

'कथा लिहिणाऱ्याला काय कळतंय. त्याला मी वाढवलाय.'

मग त्यांचं म्हणणं असं की, आदल्या दिवशी त्यांनी केबिनमध्ये एकट्याने चित्रपट चालवून पाहिला. पडद्यावरचा बाप त्यांच्यासारखा चष्मा कपाळावर सरकवतो, त्यांच्यासारखं खोटं बोलायच्या आधी खाकरतो, आणि हत्यारं त्यांच्यासारखी लांबीप्रमाणे मांडतो. 'पोराने मला देशद्रोही केला आणि तिकीट लावून दाखवला,' असं ते म्हणाले. (यावर आई स्वयंपाकघरातून म्हणाली, 'तुम्ही खाकरता हे खरं आहे.' आजोबा खाकरले आणि म्हणाले, 'मी कधी खाकरतो?') म्हणून पहिल्याच खेळाला त्यांनी दोन डबे बदलले. बाप सुटला. टोपीवाल्याचं काय, असं मी विचारलं. ते म्हणाले, 'जुळा भाऊ असेल. लोक एवढं बघत नाहीत.'

पुढचं आकड्यांवरून मी स्वतः जुळवलं, चुकलं असेल तर दुरुस्त कर. तू पहिला खेळ पाहिलास, आजोबा जेवायला गेल्यावर केबिनमध्ये शिरलास, आणि आकडे पुन्हा बरोबर केलेस. दुपारचा खेळ तूच चालवलास, त्यात बाप हेर. आजोबांनी जेवून येऊन संध्याकाळी पुन्हा मुलाला हेर केलं. चित्रपट चालला तेवढे दिवस तुमचं हे चाललं, आणि सगळं एकमेकांशी एक शब्द न बोलता. असं भांडण मी पाहिलेलं नाही, आणि आमच्या कचेरीत एसीच्या तापमानावरून भांडणं होतात. गावातल्या दुपारच्या लोकांनी एक चित्रपट पाहिला आणि संध्याकाळच्या लोकांनी दुसरा. मी चौकशी केली. शिंपीकाका दुपारी गेले होते, त्यांच्या मते बाप नालायक. त्यांच्या शेजारचे न्हावीकाका संध्याकाळी गेले होते, त्यांच्या मते मुलगा नालायक. दोघांनी माझ्यासमोर एकमेकांना आंधळे म्हटलं. म्हणजे, मामा, चित्रपट पडला तो वाईट म्हणून नव्हे. एकाने पाहून दुसऱ्याला सांगितला, तो दुसरा जाऊन वेगळाच पाहून आला, एवढंच झालं.

मी आईला विचारलं, तुला कुठला क्रम खरा वाटतो? ती दोन्ही वेळा तिसऱ्या रिळाला झोपली होती. 'बाप आणि मुलगा हे कळलं होतं,' ती म्हणाली, 'पुढचं मला घरी दिसतच होतं.'

आमच्याकडचा नियम असा आहे की, दिग्दर्शकाचा क्रम तोच खरा. दिग्दर्शक तू. नियमाप्रमाणे मी चार, पाच, सहा (चार म्हणजे घड्याळ, सहा म्हणजे तिजोरी) लावून मोकळं व्हायला हवं होतं. पण दोन्ही क्रम मी इतक्या वेळा पाहिले आहेत की, आता मुलगा फुटपाथवर घाम पुसतो तेव्हा तो कशासाठी पुसतो हे मला सांगता येत नाही. बाप देशद्रोही आहे म्हणून, की आपण आहोत म्हणून, की नुसतं ऊन आहे म्हणून. तो नट तर दोन्ही वेळा तेवढाच वाईट अभिनय करतो. आणखी एक, तू मूळ क्रमात तरी त्या बापाला खरंच गुन्हेगार केला होतास का? सातव्यात तो मुलाकडे बघतो ते तू इतका वेळ का धरून ठेवलं आहेस? हेराकडे एवढा वेळ कुणी बघत नाही. हा प्रश्न तांत्रिक आहे. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही.

माझी मागणी लहान आहे. कायमची प्रत रविवारच्या खेळाप्रमाणे तयार होणार, आणि मग त्या प्रतीत कुणी काही खरवडू शकणार नाही. तेव्हा शुक्रवारपर्यंत एका ओळीत कळव : चार-पाच-सहा, की सहा-पाच-चार. कारण लिहायची गरज नाही.

मामीला नमस्कार. पाठीला शेक घेत जा.

तुझी,
भाची

ता. क. वरची मागणी पाठवायची म्हणून पाठवली, उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खरं काम वेगळं आहे. रविवारी खेळ मूळ फिल्मवरून, जुन्या दोन मशीनवर होणार आहे, आणि आमचा ऑपरेटर नोकरी सोडून गेला. त्या मशीन चालवता येणारा माणूस साहेबांना मिळेना. मला मिळाला, तो घरातच होता. आजोबा लगेच हो म्हणाले आणि शर्ट इस्त्रीला टाकला. पण त्यांचा उजवा हात आता थरथरतो. मशीन सुरू करणं, आवाज, उजेड हे सगळं त्यांना जमतं. फीत ओवणं जमत नाही. एका मशीनवर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं ओवायचं असतं, म्हणजे बाजूला दुसरा माणूस हवा. मी सभागृहात आवाज तपासत असणार. तू शाळा सुटली की थेट केबिनमध्ये जायचास आणि आजोबांनी तुला डोळे मिटून फीत ओवायला शिकवलं होतं, असं आई सांगते. केबिनचं दार आतून घट्ट बसतं, हे आधीच सांगितलेलं बरं.

ता. क. २. सगळ्या रिळांवर मी नवे आकडे घातले आहेत, त्या दोन सोडून. त्यांच्या डब्यांवर काही लिहिलेलं नाही आणि आतल्या फितीवरही नाही. तिसरं रीळ चालू असेल तेवढ्या वेळात केबिनमधल्या दोघांना ठरवावं लागेल, आणि ते न बोलता ठरवता येण्याची सोय मी ठेवलेली नाही. खरवडायला अणकुचीदार काही राहू नये म्हणून माझं हत्यारांचं खोकं मी घरी आणलं आहे.

ता. क. ३. तू येणार आहेस असं मी आजोबांना सांगून टाकलं. (तू अजून हो म्हटलेलं नाहीस, याची मला कल्पना आहे.) त्यांनी पेपर खाली ठेवला नाही. म्हणाले, 'त्याला सांग, उशीर करायचा नाही. पहिल्या रिळाला मी कुणासाठी थांबणार नाही.' हा निरोप जसाच्या तसा पोचवते आहे. नंतर ते पाणी प्यायला म्हणून आत गेले, पाणी न पिता परत आले, आणि म्हणाले, 'पाच-दहा मिनिटं थांबेन. पण हे त्याला सांगू नकोस.'