जांबोटीच्या रानात तंबूची जागा

जांबोटी, ६ डिसेंबर १९३४

ती. आक्कास कृष्णेचा नमस्कार.

मी खुशाल आहे. गुडघा कुरकुरतो, मी त्याचं ऐकत नाही. तुझा खोकला कसा आहे?

शनिवारी निपाणीहून शाळेच्या बारा मुली इथे मुक्कामाला येतील, आणि तंबूची जागा शोधायचं काम निवृत्तीनंतरही माझ्याच गळ्यात. काल ओढ्याकाठी छान सपाट जागा सापडली. जंगलखात्याचा परवाना हातात होता. तरी वाटाड्या यल्लाप्पा म्हणाला, "देवाला कौल लावल्याबिगर खुटी मारायची न्हाय, बाई."

गुरवाने देवाला फुलं लावली. डावं पडलं, म्हणजे नकार. तीस वर्षं शाळा गप्प बसवली मी, आणि मला एका फुलाने गप्प बसवलं. चढावरच्या तिरक्या, दगडाळ जागेला मात्र उजवं पडलं.

आज सकाळी त्या सपाट जागेवर गव्यांच्या खुरांचे ताजे ठसे दिसले. कळप रोज तिथूनच पाण्यावर उतरतो म्हणे.

"हे तुला ठाऊक होतं?" मी यल्लाप्पाला विचारलं.

"व्हय की. पर तुमी माझं ऐकलं असतंसा व्हय?"

नसतंच ऐकलं, आणि याचाच राग जास्त आहे. आता चढावर दगड वेचत बसले आहे. मुलींच्या आया भेटल्या तर जागा उत्तम आहे एवढंच सांग. गव्यांचं बोलू नकोस.

तुझी,
कृष्णा