अकरा मिनिटं आकाशात लटकलेला प्रश्न

प्रति,
मा. लोकप्रतिनिधी महोदया,
जिल्हा कार्यालय, नेब्रास्का.

विषय: धोकादायक ड्रोन खाली उतरवण्याचा कायदेशीर अधिकार स्थानिक पोलिसांना मिळण्याबाबत.

संदर्भ: चादरीवर रंगवलेला प्रश्न, "वेड, माझ्याबरोबर नाचाला येशील का?"

महोदया,

उपरोक्त प्रश्न मी आमच्या वर्गातल्या वेड नावाच्या मुलाला विचारला. आमच्याकडे शाळेच्या नाचाला बोलवायचं तर चारचौघांत फलक धरून विचारतात. "फलक कुणीही धरतं. हिंमत असेल तर आकाशातून विचार," असे मैत्रीण जोएल म्हणाली. मी यंदाच शाळेच्या बँडच्या पहिल्या रांगेत आले असल्याने हिंमत भरपूर होती.

१. आमच्या मैदानाला दिवे नाहीत, त्यामुळे फुटबॉलचे सामने शुक्रवारी दुपारी होतात. गेल्या महिन्यातल्या एका सामन्याच्या मध्यंतरात ड्रोन चादर घेऊन वर गेला. चादरीवर माझं नाव नव्हतं, ते ड्रोन उतरल्यावर कळणार होतं. लोक हसले, वेड कानापर्यंत लाल झाला. तेवढ्यात आमचे बसचालक मिस्टर वाव्रा बसल्या जागी कलंडले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी घाबरून रिमोट माझ्या वाद्याच्या, ट्रॉम्बोनच्या, पेटीत टाकला. रिमोटला कुणी हात लावला नाही, तर तो ड्रोन आहे तिथेच तरंगत राहतो.

२. मोठे रुग्णालय सत्तर मैलांवर आहे, म्हणून रुग्णांना नेणारे हेलिकॉप्टर आमच्या मैदानावरच उतरते. त्या दिवशी ते शेजारच्या गावाहून परतत होते, आठ मिनिटांत आले. परंतु ड्रोन हटल्याशिवाय उतरणार नाही, असे वैमानिकाने कळवले.

३. आमचे पोलीस अधिकारी डेप्युटी हॉलिस यांचा नेम सगळ्या भागात प्रसिद्ध आहे. ड्रोन मक्याच्या शेताकडे होता, खाली माणूस नव्हता.

"हॉलिस, पाड की ते डबडं!" माझे बाबा ओरडले.

"फ्रँक, कायद्यानं ते विमान आहे. पाडलं तर मीच आत जाईन."

"विमान? अरे, त्याला चादर लोंबतेय!"

"मग चादरीचं विमान म्हण!"

परवानगीसाठी त्यांनी वॉशिंग्टनला फोन लावला. तिकडून वाट पाहण्याचं गाणं वाजू लागलं. हेलिकॉप्टर घिरट्या घालत होतं, गाणं वाजत होतं, आणि मिसेस वाव्रा नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन वर बघत होत्या. असं अकरा मिनिटं. मग बॅटरी संपून ड्रोन मक्यात पडला.

४. तरी विनंती अशी की, स्थानिक पोलिसांना ड्रोनचा सिग्नल तोडून तो खाली उतरवण्याचे यंत्र, त्याचे प्रशिक्षण आणि ते वापरण्याचा अधिकार द्यावा. सदर "विमान" आईच्या कोलाचेंच्या, म्हणजे फळं भरलेल्या गोड पावांच्या, तबकापेक्षा हलके होते.

५. तेच जर्दाळूचे कोलाचे घेऊन मी परवा मिस्टर वाव्रांकडे गेले. त्यांनी डाव्या हाताने घेतला. "उजवा झोपलाय अजून. पण तू उशीर केलास की भोंगा वाजवायला डावा पुरतो," ते म्हणाले. बस आता दुसरेच चालवतात, तो विषय आम्ही दोघांनीही काढला नाही. नऊ वर्षं ते माझ्यासाठी फाटकापाशी थांबत आले.

"कुणाचा होता गं तो ड्रोन? लागला पत्ता?"

"नाही, मिस्टर वाव्रा."

६. महोदया, हा अर्ज मी चारदा लिहिला. चारही वेळा दोष कायद्याचा निघाला. तो आहेच, विनंती कायम आहे. परंतु रिमोटवर 'परत ये' असं एक बटण असतं. ते दाबलं की ड्रोन जिथून उडाला तिथे येऊन उतरतो, म्हणजे सगळ्या गावादेखत माझ्या पायाशी. अकरा मिनिटं मी पेटीवर बसून होते. डेप्युटी हॉलिसना अधिकार नव्हता. मला होता.

आपली नम्र व अपराधी,
टेसा नोवोत्नी
(वय सोळा, ट्रॉम्बोन, पहिली रांग)
दि. १२ ऑक्टोबर, रविवार

सोबत: चादरीचा तुकडा, प्रश्नासह.

प्रत माहितीसाठी: आई आणि बाबा.
आई, चादर पाहुण्यांच्या खोलीतली. बाबा, ज्याला तुम्ही डबडं म्हणालात तो आपलाच, गुरांवर लक्ष ठेवायचा. त्याच संध्याकाळी मी तो मक्यातून उचलून कोठारात ठेवला; त्याचं पातं मांजरीनं मोडलेलं नाही, तिला उगाच बोलणी बसली. उद्या शाळेआधी मी आधी मिस्टर वाव्रांकडे जाते आहे, मग ड्रोन आणि रिमोट घेऊन डेप्युटी हॉलिसकडे. सोबत येऊ नका. माझं ठरलं आहे.