दुखावलेल्या लेकरांसाठी ठेवलेले घर

मी, सरजाबाई भ्र. सिताराम खिल्लारे, वय अंदाजे साठ, धर्म बौद्ध, धंदा शिवणकाम, राहणार मौजे झरी, तालुका व जिल्हा परभणी, आज माझ्या राहत्या घरी, कोणाच्या धाकाने किंवा भरीस पडून नव्हे तर माझ्या खुशीने, हे मृत्युपत्र तोंडी सांगून लिहवून घेत आहे. छातीत कळ येते, पण डोके ठिकाणावर आहे आणि सुईत दोरा अजून माझा मीच ओवते. मला सही येते, बाकी लिहिणे नीट येत नाही. लिहिणारे दत्तराव गुरुजी आमच्याच आळीतले, शाळेवर मास्तर आहेत.

मला मूलबाळ नाही. माझे पती दुष्काळाच्या साली वारले. त्यांच्या नावचा झरी शिवारातला कोरडवाहू तुकडा माझे दीर भगवानराव कसतात. तो त्यांच्याकडेच राहावा, त्याबद्दल माझे काही म्हणणे नाही.

राहते घर मात्र दिरांना नाही. दोन खोल्या, मातीच्या भिंती, वर पत्रे, मागे न्हाणी. हे आम्ही नवराबायकोने शिवणाच्या कमाईतून बांधले. परवा भगवानराव येऊन म्हणाले, "वैनी, घर लोकाच्या लेकरायला देऊन आमचं नाक कापायल्यात का?" तोंडावर उत्तर द्यायची मला लाज वाटली, म्हणून कागदावर देते.

दिवाळी झाली की आपल्या गावची जोडपी कोयते घेऊन ऊसतोडीला जातात. ज्या लेकरांना नेता येत नाही, ती नातेवाइकांकडे राहतात. त्यातल्या ज्या लेकराला तिथे भीती वाटेल, त्याने या घरात यावे. का आलास, असे त्याला कोणी विचारू नये. माझ्या मागे घराची व लेकरांची देखभाल धुरपताबाई भ्र. किशन साळवे हिने करावी.

इथे गुरुजींनी लेखणी थांबवली. म्हणाले, "काकू, एवढं बास. कारण लिहायची गरज न्हाई."

मी म्हणाले, "लिहा गुरुजी. तुमी तिकडं तोंड करून बसा, मी सांगते."

ते आता भिंतीकडे तोंड करून लिहीत आहेत.

निजामाचे राज्य होते तेव्हाची गोष्ट. आईबाप रेल्वेच्या कामावर खडी फोडायला गेले आणि मला पालमजवळच्या खेड्यात, आत्या कडूबाई हिच्या घरी ठेवून गेले. आत्याच्या नवऱ्याने माझ्याशी जे करू नये ते केले. एकदाच नव्हे. त्यापुढचे सांगणार नाही. मी आत्याला सांगायला गेले तर तिने माझ्या तोंडावर हात दाबला. भांडी घासत होती, हाताला राख होती. "गप बस. लोकाला कळलं तर तुलाच कोणी करून घेणार न्हाई," असे म्हणाली. तो माणूस कधीच मेला. त्याचे नाव या कागदात नको.

माझे पती भले होते. त्यांनी माझ्यावर कधी हात उगारला नाही. तरी ते अंगणात खाकरले की मी हातातले काम टाकून भिंतीला पाठ लावून उभी राहत असे. मूल झाले नाही तेव्हा मला वाटले, माझ्याच अंगाची घाण भोवली. त्यांना मी शेवटपर्यंत काही सांगितले नाही. पुढे आम्ही दीक्षा घेतली, घरातले देव सोडले, पण लाज काही सोडता आली नाही. विहारात संध्याकाळी वंदनेनंतर मैत्री भावना करतात. आधी स्वतःचे मंगल चिंतायचे, मग घरच्यांचे, मग साऱ्या जीवांचे. 'मी सुखी होवो' हे पहिले वाक्य माझ्याने कधी म्हणवले नाही. नुसते ओठ हलवीत असे. शेजारी बसणाऱ्या बायकांना इतक्या वर्षांत ते कळले नाही.

गेल्याच्या मागच्या हंगामात आमच्या आळीतली वच्छलाबाई नवऱ्याबरोबर कारखान्यावर गेली आणि मुलगी सत्यशीला हिला गावातल्याच मामाच्या घरी ठेवून गेली. पोर शाळेच्या झग्याचे माप द्यायला माझ्याकडे आली. टेप कमरेला लागताच ती लाकडासारखी ताठ झाली आणि दाराकडे बघू लागली. मी हात मागे घेतला, टेप तिच्याच हातात दिली. "तूच धर माय, मी नुसता आकडा बघते." मला सगळे कळले, पण विचारायला शब्द आले नाहीत. मलाच कोणी कधी विचारले नव्हते.

त्या संध्याकाळी विहारात मी म्हणाले, "एका लेकरासाठी समद्यांनी मंगल चिंता."

शेजारी बसणाऱ्या सुलाबाईने विचारले, "कोणाचं लेकरू?"

"दुखावलेलं हाय. नाव नगा इचारू."

मी सांगत गेले तसे सगळ्या म्हणाल्या: मार बसलेले, भ्यालेले, ज्याच्या अंगाला नको तो हात लागला ते लेकरू सुखी होवो, त्याची भीती जावो. म्हणता म्हणता धुरपताबाईने पदर तोंडात कोंबला. घरी येताना तिने मला बोळात थांबवले.

"सरजाबाई, माझं तुमाला कोणी सांगितलं?"

मी म्हणाले, "कोणी न्हाई. मी माझंच म्हणायले व्हते."

आम्ही दोघी पदर डोळ्यांवर ओढून उभ्या राहिलो. एकमेकींकडे बघवेना.

तेवढे म्हणून घरी बसवले नाही. सकाळी दोघी मामाच्या दारात गेलो. तो म्हणाला, "तुमचा काय संबंध? पोरगी खोटं बोलायलीय."

मी म्हणाले, "पोरगी कायबी बोलली न्हाई. मी बोलायलेय. मी असंच लेकरू व्हते, मला कळतंय."

सारी आळी ऐकत होती. भर रस्त्यात अंगावरचे लुगडे सुटल्यासारखे मला झाले. पण पोरीचा हात सोडला नाही, तिला घरी आणले. गुरुजींनी कार्ड टाकले, आईबाप मिळेल त्या एसटीने आले. वच्छलाबाई माझ्या पाया पडू लागली, मी पाय मागे घेतले. मामाला कोणी काही केले नाही. तो आजही चावडीवर बसतो, आणि तिथून जाताना मान त्याने खाली घालायची ती मीच घालते. म्हातारपणी स्वतःची अब्रू स्वतः वेशीवर टांगली, असे बायका नळावर बोलतात. ते मला ऐकू येते.

तरी संध्याकाळचे म्हणणे आम्ही मोडले नाही. रोज त्या लेकराचे नाव न घेता म्हणत गेलो. डोळे मिटले की मला सत्यशीला दिसायची. एके दिवशी तिच्या जागी आत्याच्या चुलीपाशी गुडघे पोटाशी धरून बसलेली पोर दिसली. केसांना तेल नाही, नाक वाहते आहे. मी निरखून पाहिले. तिच्यात घाण कुठेच नव्हती. नुसते लेकरू होते. त्या दिवशी 'मी सुखी होवो' माझ्या तोंडून बाहेर पडले. आवाज फाटका होता. धुरपताबाईने माझा हात धरला आणि तीही म्हणाली. आता आणखी बायका येऊन बसतात. काही सांगत नाहीत, "एक लेकरू हाय" एवढेच म्हणतात. आम्हीही विचारत नाही.

शिवणाची मशीन, कात्री व टेप सत्यशीला हिला द्यावी. तिची शिलाई माझ्यापेक्षा सरळ येते.

लग्नात आत्याने मला चांदीचे गोठ घातले होते. ते कशासाठी होते, हे मला तेव्हाच समजले होते. मी ते पुन्हा हातात घातले नाहीत. ते मोडून घराच्या दोन्ही खोल्यांना आतून कड्या बसवाव्या. कडी लेकराचा हात पुरेल इतकी खाली असावी.

आत्याचा मुलगा पंडित दर साली माझ्यासाठी ज्वारी घेऊन येतो. मी त्याच्या घरचे पाणी का पीत नाही, हे त्याला आजवर माहीत नव्हते. हा कागद ऐकून तो खचेल, आणि त्याला खचवणारी मी, याचीही मला लाज वाटते. पंडित, तुझ्यावर माझा राग नाही. माझ्या बापाचे पितळेचे घंगाळ तू घे.

पोस्टातली शिल्लक लेकरांच्या धान्याला लावावी. माझ्या मागे दिवस घालू नयेत, जेवणावळ करू नये. विहारात संध्याकाळी बसतात तसे बसावे, तेवढे पुरे.

आता शेवटचे. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात, असे गुरुजी म्हणतात. मला ते चालणार नाही. ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत, येत्या पौर्णिमेला, विहारात सगळ्यांसमोर गुरुजींनी हे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावे. पाठवणाऱ्या आयांनी ऐकावे, ठेवून घेणाऱ्या घरांनीही ऐकावे. मी तिथे बसणार आहे. पदर तोंडावर घेईन, वर बघणार नाही. पण उठून जाणार नाही.

वाचून दाखवले, ऐकले, बरोबर आहे म्हणून सही केली.

सही: सरजाबाई भ्र. सिताराम खिल्लारे

साक्षीदार:
१) धुरपताबाई भ्र. किशन साळवे (डाव्या हाताचा अंगठा)
२) सुलाबाई भ्र. राधाकिशन पंडागळे (सही)

लिहिणार: दत्तराव पि. माणिकराव वाघमारे, शिक्षक

मुक्काम झरी, दिनांक १३ नोव्हेंबर १९७७