मंगलाच्या तासाला उभ्या राहणाऱ्या मुली

८ जानेवारी १९९६
आज पुन्हा! मंगला साळवेचा तास आणि सगळ्या मुली उभ्या. डोळे मिटलेले, माना खाली. बी.ए.चा वर्ग की चर्च? जुलैत आलेली ही तात्पुरती लेक्चरर. मराठीची विभागप्रमुख मी, आणि मला हे व्हरांड्यातून जाता जाता कळतं! ख्रिस्ती काव्य अभ्यासक्रमात आहे, मान्य. शिकव ना. प्रार्थना कशाला?
बोलते मात्र फार गोड. त्याचाच जास्त संशय येतो.

१० जानेवारी
विचारलंच. म्हणाली, ही गीतं उपासनेसाठी लिहिलीत, नुसती वाचून अर्धीच कळतात. शेवटी एकीनं अडचणीतल्या माणसाचं नाव घ्यायचं, बाकीच्यांनी ‘प्रभो, ऐक’ म्हणायचं – त्यांच्या चर्चमधली रीत.
मग हळूच, “बाई, तुम्ही अभंगाला टाळ्या धरायला लावता ना?”
ते वेगळं, म्हटलं. कसं वेगळं, हे तिनं विचारलं नाही. बरं झालं.

११ जानेवारी
हे आजही बोलले नाहीत. मिल बंद झाल्यापासून खिडकीशी बसून असतात. कॉलेजात कोणाला सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

१६ जानेवारी
मुली नावं कोणाची घेतात? बाप, काका, भाऊ – सगळे मिलमधून घरी बसलेले! आधी नाव, मग पत्ता, मग घरी जाणं-येणं, मग पुढचं. मी काही दूधखुळी नाही.
त्याच वर्गातल्या संबोधीला गाठलं. घर बौद्ध, वडील मिलमध्येच होते. मॅडम काय काय विचारतात गं? तर इथल्या मुलींच्या सवयीनं निम्मं हिंदीत म्हणे, “मॅडम कुछ नहीं पूछतीं, बाई. आम्हीच सांगतो. घरी कोण ऐकतंय?”
पढवलेली दिसते.

१९ जानेवारी
प्राचार्यांच्या कानावर घातलं. समज देतील वाटलं होतं. “सोमवार से उन्हें आने से मना कर देते हैं, शैलजाजी.” संपलं! मंगला हजेरीपट माझ्या टेबलावर ठेवून गेली. वाईट वाटलं. सुटल्यासारखंही वाटलं, खोटं कशाला लिहू.

२२ जानेवारी
तिचा तास माझ्याकडे. गीत वाचलं – नुसतं. संपलं तशा मुली सवयीनं उभ्या राहिल्या. नाव घ्यायची कोणाची हिंमत होईना.
मी यांचं घेतलं. “नरेंद्र.” लग्नानंतर पहिल्यांदाच, उखाण्याशिवाय.