फासा दोनदा वाजला

प्रिय ठकू,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. त्यानंतर तुझे चार फोन आले आणि चारही वेळा मी अण्णांच्या गोळ्या, गळका नळ आणि शेजारच्या काकूंचं गुडघ्याचं ऑपरेशन यांवर बोलून फोन ठेवला. पत्राचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. आपल्या घरात काही महत्त्वाचं असलं की सगळे नळाबद्दल बोलतात, हे तुला नव्याने सांगायला नको. मध्येच विषय बदलता येऊ नये म्हणून आज लिहायला बसलोय. रविवारची दुपार आहे, अण्णा आतल्या खोलीत आडवे झालेत आणि जेवणाच्या टेबलावर एकेचाळीस खेळांची खोकी पसरली आहेत. ती तिथे का आली, तिथपासून सांगतो.

आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. तू लोकांना सांगताना ‘दादा पॅकेजिंगमध्ये आहे’ म्हणतेस, ते माझ्या कानावर आलंय; राग नाही. गेल्या वर्षी मालकीणबाईंनी मला बोलावलं. एका कंपनीसाठी आम्ही खेळांची खोकी छापतो, कापतो, चिकटवतो. बाई म्हणाल्या, “खोका आपला, पुठ्ठा आपला, छपाई आपली. मग आतला खेळच तेवढा परक्याचा का?” जेवणाच्या सुट्टीत मी उरलेल्या पुठ्ठ्यांवर चित्रं काढत बसतो हे त्यांनी पाहिलेलं असणार. मी तिथल्या तिथे पेन्सिल काढली, तर म्हणाल्या, “थांब. आधी जगात काय काय आहे ते बघून ये. नाहीतर सहा महिने डोकं खाजवून माणूस शेवटी सापशिडीच शोधून काढतो.”

म्हणून मी बघत सुटलो. जुन्या बाजारातून खेळ आणले, शेजाऱ्यांच्या माळ्यांवरून उतरवले, दोन तर कचऱ्याच्या गाडीवरून मागून घेतले. प्रत्येक खेळ खेळायचा आणि वहीत लिहायचं: फासे किती, दुसऱ्याचा डाव चालू असताना माणूस काय करतो, आणि हरणाऱ्याला आपण हरलोय हे कधी कळतं. सापशिडीत खेळणारा काहीच ठरवत नाही, ठकू. फासा टाकायचा आणि सांगितलं तेवढं चालायचं. सापाने गिळलं तरी आपली चूक नाही. मला लहानपणी तोच खेळ का आवडायचा आणि तू दहा मिनिटांत पट उलटून का टाकायचीस, ते मला त्रेचाळिसाव्या वर्षी कळलं.

खेळायला जोडीदार हवा, तर घरात अण्णाच. पहिल्या दिवशी म्हणाले, आंधळ्याशी खेळून जिंकण्यात कसला आलाय पुरुषार्थ. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच घड्याळदुरुस्तीच्या जुन्या हत्यारांची पेटी मागितली. घड्याळांतल्या बारीक पितळी खिळ्या होत्या ना, त्या त्यांनी लाकडी फाशाच्या ठिपक्यांत एकेक करून ठोकल्या. दिसत नसताना, नुसत्या बोटांनी. चार दिवस लागले. आता ते फासा टाकतात, त्यावर बोट फिरवतात आणि माझ्याआधी आकडा सांगतात. त्यांचे कान तर अजून तसेच आहेत. बाजारातून आणलेला एक फासा त्यांनी दोनदा टाकायला लावला आणि म्हणाले, हा फेकून दे, एका अंगाला जड आहे, पडताना लंगडतो. मी शंभर वेळा टाकून पाहिला. खरंच लंगडत होता.

खेळ बघून झाल्यावर बाई म्हणाल्या, लोकांना फाशाची भीती का वाटते आणि मोह का पडतो, तेही वाच. वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई, चष्मा दोरीने गळ्यात अडकवणाऱ्या, कामाला लागल्या. फासा ज्यात आहे अशा सतरा गोष्टी त्यांनी मला काढून दिल्या. मी रोज संध्याकाळी एक अण्णांना वाचून दाखवायचो. बहुतेक गोष्टींत एकच माणूस असतो: सगळं डावावर लावतो, हरतो, आणि शेवटी पावसात उभा राहतो. अण्णा म्हणायचे, याच्या बायकोला कुणी विचारलं का? नाहीतर म्हणायचे, हा फाशाला दोष देतोय, पण टाकायला याला कुणी सांगितलं होतं? त्यांची शेरेबाजी मूळ गोष्टींपेक्षा बरी असायची. मी वहीत तीही उतरवून घेतली.

अकरावी गोष्ट दीपगृहाची होती. एका बेटावर दोन रखवालदार, एक म्हातारा आणि एक तरणा. हिवाळ्यात घरी जायची रजा एकालाच, आणि ती कुणी घ्यायची ते फाशावर ठरायचं: मोठा आकडा त्याची रजा. दर वर्षी तरणाच जिंकतो आणि दर वर्षी ओशाळून होडीत बसतो. म्हातारा मेल्यावर त्याच्या खिशातला फासा तरण्याच्या हाती लागतो, आणि तो कसाही टाकला तरी वर एकच ठिपका येतो. मी पुस्तक मिटलं. आता अण्णा काही बोलतील म्हणून वाट पाहत होतो. त्यांनी टेबलावरचा फासा चाचपून हातात घेतला. मग अगदी साध्या आवाजात म्हणाले, “त्या दिवशी फासा दोनदा वाजला होता.”

कोणता दिवस, हे मी विचारलं नाही. तुलाही विचारावं लागणार नाही. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती, डॉक्टरांनी काचबिंदूचं निदान करून अण्णांच्या डोळ्यांना फार तर दीड वर्ष दिलं होतं, आणि एकाच आठवड्यात आपल्या दोघांची प्रवेशाची पत्रं आली होती. तुझं पूल बांधायच्या शिक्षणाचं, माझं चित्रकलेच्या कॉलेजचं. मी तोवर चार वर्षं अण्णांचं दुकान सांभाळून पैसे साठवले होते, तू नुकतीच अठरा पूर्ण केली होतीस. अण्णांना एकटं सोडायचं नाही, यावर आपलं दोघांचं एकमत होतं. कुणी राहायचं, यावर दोघंही “मी” म्हणत होतो. शेवटी वैतागून तूच सापशिडीचा फासा आणलास आणि म्हणालीस, ज्याचा आकडा मोठा तो जाणार, नंतर कुणी कुरकुर करायची नाही. तुला चार पडले. मी टाकला तो घरंगळत अण्णांच्या कामाच्या टेबलाखाली गेला. मी वाकलो. अण्णा वर बसले होते, डोळ्याला भिंग लावून, कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून. मी म्हणालो, “दोन.” तू विश्वास ठेवला नाहीस, गुडघ्यांवर बसून स्वतः पाहिलंस. दोनच होते. मग तू टेबलाचा पाय धरून रडलीस, आणि मी तुझ्या डोक्यावर थापट्या मारत राहिलो.

पाच पडले होते, ठकू. तू वाकायच्या आत मी बोटाने तो उलटवला. फरशीवर टक् असा बारीक आवाज झाला. मला वाटलं होतं, तो मला एकट्यालाच ऐकू आला. नाव तुझं ठकू, आणि ठकवलं मी.

आता तू म्हणशील, दादाने माझ्यासाठी केवढा त्याग केला. थांब, पुढचं वाच, कारण हे लिहायलाच मला तीन आठवडे लागले. कॉलेजच्या मुलाखतीला मी गेलो होतो तेव्हा बाहेरच्या बाकावर आणखी नऊ जण बसले होते. त्यांच्या मांडीवर चित्रांची हीऽ एवढाली बाडं होती. शेजारच्या मुलीने तिचं बाड उघडून दाखवलं आणि माझे हात गार पडले. निवड झाल्याचं पत्र आलं तेव्हा माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की काहीतरी चूक झाली असणार आणि तिथे गेल्यावर सगळ्यांना ते कळणार. टेबलाखाली पाच ठिपके दिसले तेव्हा मला घाम फुटला. फासा उलटवला आणि इतकं हलकं वाटलं, की तुझं रडणंसुद्धा क्षणभर ऐकू आलं नाही. तुझ्यावर माझा जीव होता, तू जावंस असं मनापासून वाटत होतं, हेही खोटं नाही. पण त्या बोटात माया किती आणि भीती किती, हे मला आजही सांगता येत नाही. आणि नंतरची एकोणीस वर्षं तू माझ्याशी जपून, दबक्या आवाजात बोलत राहिलीस, पहिल्या पगारातून मला कोट पाठवलास, बांधलेल्या पुलांचे फोटो पाठवताना स्वतःला त्यांतून वगळत गेलीस, तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. मला ते आवडत होतं. घरी राहिलेल्या माणसाला असं कुणीतरी मोठं समजलं की दिवस बरे जातात.

त्या संध्याकाळी मी अण्णांना हे सगळं सांगितलं. मग त्यांना विचारलं, ऐकू आलं होतं तर तुम्ही तेव्हा का बोलला नाहीत? ते म्हणाले, “बोललो असतो तर तू गेला असतास. मला तुझी सवय होती. आणि पोरीचं सगळं डोकं पुलांत. ती इथे राहिली असती तर तिचं राहून गेलेलं काम मला रोज घरात ऐकू आलं असतं. तुझं ऐकू येणार नाही, असं वाटलं होतं.” मग चष्मा नसलेले डोळे पुसून म्हणाले, “ते चुकलं. तू पुठ्ठ्यावर पेन्सिल घासतोस, ते एकोणीस वर्षं ऐकतोय मी.” मी उठून चहा ठेवला. दुसरं काय करणार. कप त्यांच्या हातात दिला तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, भ्यालास ते ठीक आहे, भिणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत, मी स्वतः एक आहे. पण तिला इतकी वर्षं का टांगून ठेवलंस?

खेळ पूर्ण झाला, ते सांगायचं राहिलंच. त्यात फासा आकडा देतो, पण तो कोणत्या सोंगटीला द्यायचा ते खेळणाऱ्याने ठरवायचं. पटावर खाचा आहेत, फाशावर उठावदार ठिपके, म्हणजे डोळस आणि अंध एकाच टेबलावर खेळू शकतात. मालकीणबाईंनी तो अण्णांशी खेळून पाहिला, सलग तीन डाव हरल्या आणि दुसऱ्या दिवशी तीनशे खोक्यांची छपाई लावली. त्यातली चाळीस एका अंधशाळेने आधीच मागितली आहेत. खोक्यावरची चित्रं मी काढली आहेत आणि कोपऱ्यात माझं नाव आहे, डोळ्यांत भरणार नाही एवढं बारीक. छापखान्यातून पहिला कागद आला तेव्हा माझे हात पुन्हा गार पडले. पण या वेळी मी कागद हातात धरून उभा राहिलो. शिवाय गावातल्या चित्रशाळेत रविवार सकाळच्या वर्गाला नाव घातलंय. वर्गात सगळी माझ्या निम्म्या वयाची आहेत आणि मला काका म्हणतात. हा वर्ग चौदा वर्षं आपल्या घरापासून दहा मिनिटांवर चालू आहे, हेही तुला सांगून टाकतो. अण्णांनी मला कधी अडवलं नव्हतं.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहिलंस की नदीवरच्या त्या मोठ्या पुलाचं काम तू नाकारणार आहेस, पुढच्या एक तारखेला राजीनामा देऊन कायमची घरी येणार आहेस, कारण तू नुसत्या नशिबाने सुटलीस आणि आता दादाची पाळी. ठकू, माझी पाळी कधी हुकली नव्हती, मी ती घेतली नव्हती. तू नशिबाने गेली नाहीस. एका घाबरट माणसाने आणि एका स्वार्थी म्हाताऱ्याने तुला पाठवलं, आणि आपण केलं ते या एका बाबतीत बरोबर होतं असं दोघांनाही वाटतं. राजीनामा देऊ नकोस. आमच्यावर चिडायचं असेल तर चीड, तो तुझा हक्क आहे. काही दिवस फोन केला नाहीस तरी मी समजेन. अण्णांची आठवण येते म्हणून यायचं असेल तर हव्या तेवढ्या वेळा ये. पण काही फेडायला म्हणून येऊ नकोस. खरं तर त्याआधी आम्हीच येतोय. मी याच महिन्याच्या एकवीस तारखेची दोन तिकिटं काढली आहेत. अण्णांना तू बांधलेल्या पुलावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचंय, गाड्या जाताना तो कसा वाजतो ते ऐकायचंय. कठडा कुठून सुरू होतो ते तू सांग, त्यांचा डावा हात तू धर, कारण उजव्या हातात काठी असते. ते भराभर चालतात, तू घाई करू नकोस.

इतकी वर्षं खोटं बोललेला, पण तुझाच,
दादा