सुगंधाच्या गोळ्या खाडीत जाण्याआधी

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सरकारी मनोरुग्णालय

विषय : भाईंदर येथील शिवदास पाटील यांची सून सुगंधा हिच्या घरी शनिवारच्या आत रुग्णालयाचा माणूस पाठवणेबाबत.
संदर्भ : अर्जदाराची मयत पत्नी रंभा, आपलीच रुग्ण, सन १९७१.

महोदय,

१. अर्जदार भाईंदर येथे मिठागरावर काम करतो. अर्जदाराची पत्नी रंभा खचून गेली होती. जेवत नव्हती. "माझी आतडी कुजली हायत, मी मेलेली हाय, मला जाळा," म्हणायची. आपल्याकडे विजेचे झटके व गोळ्या घेऊन ती बरी झाली. पुन्हा आगरावर मीठ ओढू लागली, हसू लागली.

२. आमच्यात दुखणे गेले की उतारा करतात. दुखण्याची वस्तू घरात राहिली तर दुखणे तिच्या मागाने परत येते, असे भगत महिपत सांगतो. म्हणून अर्जदाराच्या आईने रंभाच्या सगळ्या गोळ्या नारळाबरोबर अमावास्येला खाडीत सोडल्या.

३. पावसाळा सरला आणि दुखणे परत आले. "तुझीबी आतडी कुजली, काढून टाकते," म्हणत रंभाने अर्जदाराच्या पोटात कोयता घातला. अर्जदार इस्पितळात असताना महिपतने तिला खांबाला बांधले, मिरचीची धुरी दिली, ओल्या दोराने मारले. बरगड्या मोडून रंभा मेली. पंचांनी विहिरीवर घसरली असे लिहून दिले.

४. सुगंधा त्याच दुखण्यातून बरी होऊन नुकतीच घरी आली आहे. शनिवारी अमावास्येला तिचा उतारा आहे. अर्जदार सांगायला गेला. शिवदास म्हणाला, "परशा, पोट भरल्यावर कोण जेवत बसतो? तुझ्या बायकोचं भूत जबर होतं, त्याला आम्ही काय करू?" महिपत तिथेच बसला होता, तो हसला. अर्जदाराने त्याचे दात पाडले. मग शिवदासच्या मुलांनी अर्जदाराला अंगणात पाडून तुडवले.

५. अर्जदाराचे कोणी ऐकत नाही. सरकारी माणसाचे ऐकतील. त्याने एवढेच सांगावे की हे दुखणे जाते तसे परतही येते, आणि बरे वाटले तरी डॉक्टर थांबवीपर्यंत गोळ्या थांबवायच्या नाहीत.

६. माणूस न आल्यास अर्जदार शनिवारी खाडीवर फावडे घेऊन उभा राहील. गोळ्या सोडायला जो हात पुढे येईल तो मोडेल. आपणास हे मागाहून पोलिसांकडून कळण्यापेक्षा आधी अर्जदाराकडून कळलेले बरे. माणूस शुक्रवारपर्यंत आला तर फावडे आगरावरच राहील.

आपला नम्र,
परशुराम धाकू भोईर
भाईंदर, दि. १८ मार्च १९७४